कोरं झबलं चालणार नाही

कार्गोच्या धंद्यात एक नेहमीचं असतं. कार्टन गच्च भरलं, झाकण दाबलं, टेप मारली, की आतल्या खोलीतनं बाई ओरडत येते, "अहो थांबा, हे राहिलंच!" मग टेप फाडा, कोपरा शोधा, कोंबा. आमच्या मंडळाच्या किश्शांचं तेच झालंय. दर वेळी वाटतं, संपले. टेप मारतो. तेवढ्यात कुणाचा तरी फोन येतो, "भिकाजीकाका, तो लाडवांचा सांगितला का?" म्हणून आता एकदा लिहूनच काढतो. माझं शिक्षण चौथी, तेही मास्तर कंटाळले म्हणून पुढे ढकललेलं. शुद्धलेखन सुनेनं बघितलंय. चुकलं असेल तर तिला बोला.

मी दुबईशेजारच्या शारजात, रोल्ला भागात एका कार्गो कंपनीत पॅकर होतो. लोकांचं सामान बांधायचं आणि बोटीनं मुंबईला लावून द्यायचं. मला माणसांपेक्षा खोकी बरी वाटतात. खोकं एकदा बंद केलं की गप्प बसतं.

* * *

दोन हजार आठ संपता संपता दुबईला झटका बसला. क्रेन जागच्या जागी उभ्या राहिल्या. ऑफिसवाले सकाळी एकमेकांना "गुड मॉर्निंग"च्या जागी "आज कोण?" विचारायला लागले. ज्याचं नाव निघेल त्यानं व्हिसा कॅन्सल करायचा आणि बायकापोरांसकट विमानात बसायचं. खलास! फ्लॅटमधलं सामान आमच्याकडे यायचं. कार्टनमध्ये न मावणारं बिल्डिंगखाली कचऱ्याच्या पेटीशेजारी उभं राहायचं. त्यात सगळ्यात जास्त काय असायचं सांगू? पाळणे! चांगले, चाकांचे, मच्छरदाणीवाले. पोरं घेऊन जायचे आणि पाळणे टाकून जायचे.

मी ते उचलून आमच्या गोडाऊनमध्ये रचायला लागलो. कशाला ते मलाही ठाऊक नव्हतं. लाकूड फुकट जाताना बघवत नाही, एवढंच.

कशाला ते पीटरनं सांगितलं. पीटर वसईचा, दुबईत एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर. त्याची मावशी सिस्टर आग्नेस. नन आणि डॉक्टर, दोन्ही. वसईच्या वर, आत डोंगरात मिशनचं एक छोटं हॉस्पिटल आहे, तिथं ती बाळंतपणं करायची. पीटरनं पाळणे बघितले आणि म्हणाला, "काका, मावशीला हवेत."

मग दुबईत ऊद मेथा भागात देशपांडे वहिनींच्या हॉलमध्ये बैठक. देशपांडेसाहेब फायनान्समध्ये. वहिनी घरीच, पण त्यांना घरी म्हणणं म्हणजे कलेक्टरला रिकामटेकडा म्हणण्यासारखं. शिवाय कुलकर्णी, बांधकाम कंपनीत इंजिनियर, ज्यांना टेबल दिसलं की मीटिंग सुचते. फोन स्पीकरवर टाकला.

सिस्टर म्हणाली, "पाळणे पाठवा. पण मला खरं लागतंय ते वॉर्मर. दिवाळी सरली की इथं थंडी पडते. कमी दिवसांची, मुठीएवढी पोरं येतात. त्यांना स्वतःची ऊब धरता येत नाही. ऊब द्यायचं मशिन एकच होतं, ते जळालं. आता लाकडी पेटीत बल्ब लावून ठेवतो. गेल्या थंडीत…"

 

कुलकर्णी घसा खाकरून म्हणाले, "सिस्टर, सध्या मार्केट डाऊन आहे. नेक्स्ट इयर मार्केट पिक-अप झालं की आपण प्रॉपर प्लॅन करू."

मी म्हटलं, "कुलकर्णी, हे पोटातल्या पोराला सांगा. म्हणावं, थांब बाबा आत, मार्केट पिक-अप होऊ दे!"

वहिनींनी चहाचे कप गोळा केले आणि म्हणाल्या, "थंडीच्या आधी वॉर्मर तिथं पोचणार. इन्शाल्ला-बिन्शाल्ला काही नाही. पोचणार!"

झालं मंडळ स्थापन. नाव नाही, अध्यक्ष नाही. वर्गणी तर नाहीच, कारण त्या देशात परवान्याशिवाय वर्गणी काढणं म्हणजे सरकारी पाहुणचार. फक्त वस्तू.

* * *

पहिल्या कार्टनसाठी वहिनींच्या मैत्रिणींनी मॉलमधल्या सेलातनं झबली, टोपडी, कुंच्या, दुपटी आणली. टॅगसकट, कोरी करकरीत. मी इस्त्री न मोडता पॅक केली. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

बोट पोचल्यावर सिस्टरचा फोन. "कपडे सुंदर आहेत. पण इथली एकही बाई ते पोराच्या अंगाला लावत नाही. कोरं झबलं चालणार नाही म्हणतात. पहिलं कापड वापरलेलं लागतं. आधी एक पोर ज्यात जगलं, वाढलं, ते."

वहिनींनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! आमच्या ओंकारला नाही का बारशापर्यंत आत्तेभावाचीच झबली घातली! इथं राहून सगळं विसरले मी."

आता जुनी झबली आणायची कुठनं? दुबईत दोन बेडरूममध्ये कोण जुनं ठेवतो! कुलकर्णी म्हणाले, "सिंपल. वॉशिंग मशिनमध्ये सारखी फिरवू. ओल्ड लुक येईल."

"त्यात पोर जगायला पाहिजे, कुलकर्णी," मी म्हटलं, "मशिन नव्हे!"

त्यावर पीटर म्हणाला, "मग घालू की पोरांना." हॉटेलात लोक उतरतात तसं कपड्यांना पोरांकडे उतरवायचं! माझ्या रोल्लाच्या बिल्डिंगमध्ये मजल्यामजल्याला पाळणा हलत होता. मलबारी, पठाण, फिलिपिनो, पंजाबी. मी दारोदार फिरलो. नवीन झबलं घ्या, तुमच्या पोराला चार-आठ दिवस घाला, धुऊन परत द्या. लोक आधी माझ्याकडे आणि मग झबल्याकडे बघायचे. यात काय विकतोय हा म्हातारा?

आमच्या कंपनीचा पिकअप चालवणारा खान दुसऱ्या मजल्यावर राहायचा. त्याची मुलगी महिन्याची. त्याच्या बायकोनं माशांच्या चित्रांचं पिवळं टोपडं हातात घेतलं आणि दारातच थबकली. म्हणाली, "काका, हम मुसलमान हैं. हमारी बच्ची का पहना हुआ उधर चलेगा?"

मी विचारलं, "बच्ची दूध पीती है?"

"पीती है."

"रोती है?"

आतनं खान ओरडला, "काका, पूरी बिल्डिंग को पूछो!"

"फिर एकदम चलेगा!"

* * *

गल्फमधनं घरी जाणारा माणूस दूध पावडरचा डबा नेल्याशिवाय विमानात बसत नाही. तसे आम्हीही डबे गोळा केले. गोडाऊनमध्ये भिंत उभी राहिली. सिस्टरला मोठ्या ऐटीत सांगितलं.

बाई फोनवर कडाडली. "एक डबा जरी आला तरी मी परत बोटीवर चढवीन! इथं बाईला सांगते, तुझं दूध हेच औषध. तुम्ही चकचकीत डबा दाखवला की ती म्हणणार, दुबईचं चांगलं, माझं पातळ. पाणी विहिरीचं, बाटली कोण उकळणार? पोरं हगवणीनं जातील माझी!"

कुलकर्णी म्हणाले, "सिस्टर, बट इट्स इम्पोर्टेड."

"आईसुद्धा इथं आयात करायची आहे का?"

कुलकर्णींनी फोन माझ्या हातात दिला. मी कट केला.

त्या वर्षी मंदीत सगळ्यांचा चहा पातळ झाला. आमच्या मंडळाचा मात्र, त्या उरलेल्या डब्यांच्या कृपेनं, चमचा उभा राहील इतका दाट!

* * *

दुपट्यांचा प्रश्न पीटरनं सोडवला. त्याच्या हॉटेलात चादरी थोड्या विटल्या की बाद करतात. नुसतं सुती कापड, शंभर वेळा धुतलेलं, लोण्यासारखं मऊ. पण बाद झालेला माल गेटबाहेर न्यायला मॅनेजरची सही लागते. मॅनेजर लेबनानी, मंदीनं वैतागलेला. अर्ध्या खोल्या रिकाम्या.

त्यानं विचारलं, "पीटर हबीबी, इतक्या चादरी कुणाला?"

पीटर म्हणाला, "सर, एक छोटी जागा आहे. बारा महिने फुल्ल. आणि गेस्ट रडतच येतात."

मॅनेजर म्हणाला, "आपल्याकडे रडत जातात," आणि सही केली.

त्या चादरी कापून वहिनींनी आणि बिल्डिंगमधल्या बायकांनी दुपटी शिवली. कोपऱ्यावर हॉटेलचं सोनेरी धाग्यातलं चिन्ह तसंच राहिलं. शिवाय गठ्ठ्यात एक भलतीच गोष्ट गेली. दाराच्या मुठीला अडकवायचं लाल कार्ड, सोनेरी गोंडा लावलेलं, "डू नॉट डिस्टर्ब".

सिस्टरनं ते पोरांच्या खोलीच्या दाराला लावलं. तिथं आधी मराठीत पाटी होती, "आत गर्दी करू नये". ती वाचता येणारेही आत घुसायचे आणि न येणारेही. पण हे लाल कार्ड, वर गोंडा, आणि अक्षरं कळत नाहीत म्हटल्यावर काहीतरी जबरदस्त असणार! पुढारी मतं मागायला आला तोही दारातनं परत फिरला. सिस्टरचा निरोप आला, "औषधं नंतर पाठवा. आधी अशी अजून कार्डं पाठवा!"

* * *

हे सगळं झालं, पण वॉर्मरचा पत्ता नाही. उन्हाळा सरला. वहिनी रोज फोन करून एकच विचारायच्या, "काका, काही कळलं?" मी रोज एकच सांगायचो, "कळलं की सांगीन, सारखं काय विचारता!" आणि फोन ठेवून मीही दहा ठिकाणी तेच विचारायचो.

त्यातच कुलकर्णींचं नाव निघालं. त्या दिवशीच्या "आज कोण?"चं उत्तर तेच झाले. पण गडी घरी बसला नाही. कोट घालून इंटरव्ह्यूला हिंडायचा आणि जिथं जाईल तिथं वॉर्मरची चौकशी करायचा. नोकरी मिळाली नाही, वॉर्मर मिळाला. बंद पडलेल्या एका दवाखान्याचं सामान दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या गोडाऊनमध्ये पडलं होतं. मालक डॉक्टर फोनवर म्हणाला, "आजच्या आज घेऊन जा. उद्या भंगारवाला येतोय."

मी आणि खान पिकअप घेऊन पळालो. तिथं वॉचमन शटर उघडेना. मालकाचा फोन लागेना. आम्ही दोघं घामाघूम, कळकट कपड्यांत. खाननं समजावलं, मी शिव्या दिल्या. वॉचमन ढिम्म. इतक्यात टॅक्सीतनं कुलकर्णी उतरले. थेट इंटरव्ह्यूतनं, त्या उकाड्यात कोट-टाय. वॉचमन ताडकन उभा राहिला, "सलाम साब!" आणि शटर वर!

कुलकर्णींनी आधी मालकाला परत फोन लावून वॉचमनशी बोलणं करून दिलं, मग कोट न काढता मशिनला खांदा लावला. म्हणाले, "सकाळपासनं चार ऑफिसं फिरलो, काका. हा कोट आज पहिल्यांदा कुणी बघितला!"

* * *

बोटीला वेळ होता आणि आमचं गोडाऊन गळत होतं. मशिन ठेवायचं कुठं? वहिनी म्हणाल्या, "यल्ला, चला, आमच्या हॉलमध्ये आणा."

खान आणि मी ते लिफ्टनं वर नेलं. वर गादी, बाजूला काचेच्या भिंती, डोक्यावर दिवा. ओंकार शाळेतनं आला. आधी मशिनकडे बघितलं, मग आईकडे. "मॉम, सीरियसली? अ‍ॅट युअर एज?"

तो एकटा असता तर ठीक. पण लिफ्टमध्ये आमच्याबरोबर वरच्या मजल्यावरच्या एक आजी होत्या, कुणाच्या तरी सासूबाई. संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर झालं. खालच्या वॉचमननं देशपांडेसाहेबांना अभिनंदनाची मिठी मारली, "मबरूक, सर!" साहेबांचा पगार त्याच आठवड्यात कापलेला. ते बिचारे मशिनकडे बघत सोफ्यावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी आजी डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन हजर. वहिनी म्हणाल्या, "आजी, तसं काही नाही हो, हे हॉस्पिटलला द्यायचंय."

"हो हो, हॉस्पिटललाच लागतं ते. लाजतेस काय! खा."

वहिनींनी तो डबा कार्टनमध्ये घातला. डबा पोचल्यावर सिस्टरचा फोन आला, "ते लाडू कुणी केले? इथल्या बायांच्या अंगात रक्त नाही. पाळणे पुरे, लाडू पाठवा!" मग काय, त्या बिल्डिंगमधल्या सगळ्या स्वयंपाकघरांत तूप कढायला लागलं. पहिला मान आजींचा.

त्या आजी अजून पुण्यात वहिनींना लग्नाकार्यात भेटतात. अजून विचारतात, "धाकटा कसा आहे गं?"

वहिनींनी समजावणं सोडलंय. म्हणतात, "बरा आहे, आजी. आता धाकटे पुष्कळ झाले!"

* * *

वॉर्मर बोटीवर चढला. पण मागनं शिवून झालेल्या कुंच्या राहिल्या. नंतरची बोट उशिरा, थंडी तोंडावर. आणि कुलकर्णींचा व्हिसा संपला. ते त्याच आठवड्यात निघाले.

मी त्यांना एअरपोर्टला सोडायला गेलो. बॅगा काट्यावर चढल्या आणि काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, एक्सेस." कुलकर्णींनी बाजूला जाऊन बॅग उघडली. मी वाकून बघितलं. अर्धी बॅग कुंच्या.

म्हटलं, "अहो, काढा ह्या. मी पाठवतो मागनं."

"मागनं म्हणजे कधी? थंडी गेल्यावर?" त्यांनी बूट काढले, जाड फायली काढल्या, शेवटी तो कोट काढला. सगळं माझ्या हातात. बॅग बसली काट्यात.

मी म्हटलं, "कुलकर्णी, मुंबईत इंटरव्ह्यू आहेत ना तुम्हाला?"

ते चालायला लागले होते. मागे वळून म्हणाले, "कोट ठेवा, काका. मार्केट पिक-अप झालं की येऊन नेईन!"

मुंबईला उतरल्यावर बंदरात कस्टमच्या दारात बसून वॉर्मर ह्याच माणसानं सोडवला. रोज जायचा. नोकरीवर जावं तसा. कोट अजून माझ्याकडे आहे.

* * *

वॉर्मर डोंगरात पोचला त्या दिवशी वहिनींच्या हॉलमध्ये शिरा झाला. सिस्टरचा फोन आला. सगळे स्पीकरभोवती.

"मशिन आलं! पण प्लग बसत नाही. चौकोनी पायांचा आहे." आणि लाईन गेली. पुन्हा लागेचना.

इतकी माणसं, त्यात फायनान्सवाले, लाँड्रीवाले, मुंबईत इंजिनियर, आणि मी आयुष्यभर हेच सामान पाठवणारा. दुबईचा प्लग चौकोनी पायांचा, आपल्याकडचा गोल. कुणाच्या डोक्यात आलं नाही!

वहिनींच्या तोंडचा शिरा तसाच. "थंडी पडलीय तिथं. मशिन नुसतं उभं आहे."

त्याच सुमारास आमच्या कंपनीनं मला बिनपगारी रजेवर पाठवलं होतं. जाणारे जाऊन संपले, आता खोकी कुणाची बांधायची? पीटर म्हणाला, "काका, तुम्ही मोकळेच आहात. प्लग घेऊन जा."

वहिनींनी दुकानातले मिळतील तेवढे गोल पायांचे प्लग, अडॅप्टर, वायरी, पेचकस बांधून दिले. पाच दिरहमचा प्लग, म्हणजे पासष्ट रुपये, असं त्या सवयीनं पुटपुटल्यासुद्धा. मी विमान, मग एसटी, मग खडखडती जीप असा डोंगर चढून गेलो. पिशवी मांडीवरनं खाली ठेवली नाही.

सिस्टर आग्नेस माझ्यापेक्षा बुटकी, चष्म्याला दोरी. मी पिशवी पुढे केली. तिनं आत बघितलं आणि तोंडावर हात धरला.

"अहो काका, प्लग? तो त्याच दिवशी बाजारातनं आणला आणि बदलला! हेच सांगत होते, तर लाईन गेली."

"बाजारात मिळतो?"

"प्लग? भारतात? मिळतो हो!"

गल्फमध्ये जन्म गेला की असं होतं. आम्ही साबणसुद्धा तिकडनं आणतो. मी इतका रागावलो होतो की तिनं दिलेला चहा दोनदा घेतला.

* * *

शेवटचा हा. ह्याच्यासाठीच वहिनी फोन करतात, पण त्यांना अर्धाच माहीत आहे.

प्लगचा पचका झाला त्याच दिवशीची गोष्ट. परतीची जीप संध्याकाळची. मी व्हरांड्यात बसून थंडीला शिव्या देत होतो. इतक्यात वरच्या पाड्यावरनं एका बाईला डोलीतनं आणलं. जुळं. दिवस भरलेले नव्हते. नवरा रक्ताच्या बाटलीसाठी तालुक्याला पळाला. बरोबर तिची आई, काठीसारखी म्हातारी. सिस्टर बाईला घेऊन ऑपरेशनच्या खोलीत गेली.

पोरं बाहेर आली, दोन्ही मुलगे. नर्सनं वॉर्मर आधीच लावून ठेवलेला. वरचा दिवा लाल झालेला मी दारातनं बघितला. म्हटलं, चला, डोळ्यांनी तरी बघायला मिळालं.

आणि लाईट गेली.

जनरेटर होता, पण तेवढा ऑपरेशनच्या खोलीलाच पुरायचा, आणि तिथं आई टेबलावर. नर्सनं क्षणभरही वाया घालवला नाही. एक पोर उघडं करून म्हातारीच्या छातीशी लावलं, अंगाला अंग, वरनं लुगडं गुंडाळलं. दुसरं हातात घेऊन इकडेतिकडे बघितलं. आणखी कोणी नव्हतं. मी होतो.

"काका, साबणानं हात धुवा कोपरापर्यंत, छाती पुसा. आणि शर्ट काढा."

"मी?"

"थंडी तुमच्यासाठी थांबणार आहे का? काढा!"

मी आयुष्यात नाजूक मालावर "फ्रॅजाइल"चे स्टिकर हजारो लावलेत. असा माल हातात धरला नव्हता. ते पोर माझ्या छातीवर ठेवलं तेव्हा बेडूक ठेवल्यासारखं गार लागलं. पाठीवर माझा हात ठेवला तर पाठ दिसेना. नर्सनं वरनं सोनेरी चिन्हाचं दुपटं गुंडाळलं, शाल टाकली, आणि त्याच्या डोक्यावर घालायला टोपडं काढलं. पिवळं. माशांच्या चित्रांचं.

समोरनं म्हातारी एकदम म्हणाली, "बाबा, ते कोरं नाय ना?"

"नाही, आजी."

"कोणाच्या पोराचं?"

"आहे एक मुलगी. दुबईकडे."

"जगली?"

"आजी, ती आता भिंतीला धरून उभी राहते. आणि बिल्डिंगला झोपू देत नाही."

म्हातारीनं मान डोलावली. "मग घाल."

नर्सनं घातलं. दारावरचं लाल कार्ड काढलं आणि माझ्या खुर्चीला अडकवलं. "हलायचं नाही. बोलायचं तर हळू. तुमचा आवाज व्हरांड्यातनं ऐकलाय मी."

मी हललो नाही. पाठीला रग लागली, पायाला मुंग्या आल्या, नाकावर माशी बसली. माझी जीप खाली हॉर्न वाजवून वाजवून निघून गेली. मधे नर्सनं दुपट्यात हात घालून पोराचे पाय चाचपले आणि शाल आणखी घट्ट ओढली. मग पुन्हा चाचपले आणि म्हणाली, "आले गरम." पोरानं माझ्या छातीचे केस मुठीत धरून ओढले. जोर होता हो!

ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडलं. सिस्टर घामानं भिजलेली. म्हातारीकडे बघून म्हणाली, "मुलगी ठीक आहे तुझी." मग माझ्याकडे बघितलं, खुर्चीवरच्या कार्डाकडे बघितलं, आणि पाऊल न वाजवता आत गेली.

लाईट आली नव्हतीच. तेवढ्यात खुंटीला टांगलेल्या माझ्या शर्टाच्या खिशात फोन वाजला. नर्सनं पळत जाऊन काढला आणि माझ्या कानाला लावला. वहिनी. ऊद मेथाचा सगळा हॉल मागे कालवा करत होता.

"काका! पोचलात ना? आधी एकच सांगा. वॉर्मर चालतोय का?"

"चालतोय."

"मग असे कुजबुजताय काय?"

"पोर झोपलंय त्याच्यावर. ठेवा फोन."